टेक चालू आहे

मावशींनी चष्मा काढून स्टँडवर ठेवला, तोंड कोपराच्या खळग्यात खुपसलं आणि त्या उपाशी तान्ह्या पोरासारख्या रडायला लागल्या.

काचेच्या अलीकडे बसलेल्या रेकॉर्डिस्टनं पुढ्यातल्या यंत्रावरची माइकच्या आवाजाची दांडी जरा खाली ओढली. सुरुवातीला नुसती कुरकुर होती. मग श्वास अडकला, आणि त्यातून तो खरा आवाज वर आला. साठी कधीच ओलांडलेली, जिना चढताना गुडघ्यांना शिव्या घालणारी ही बाई. पण डोळे मिटून ऐकलं तर पाळण्यात हातपाय झाडणारं तीन महिन्यांचं पोरच. डबिंगच्या धंद्यात सगळे तिला बाळमावशी म्हणत. सिनेमांतली, मालिकांतली, जाहिरातींतली कितीतरी बाळं तिच्याच घशातून रडली होती. खरी बाळं नेमकी कामाच्या वेळी झोपतात, आणि त्यांना 'पुन्हा एकदा द्या' असं सांगायची सोय नसते.

रेकॉर्डिस्टला छातीत मुंग्या आल्यासारखं झालं. मग आत काहीतरी आवळलं आणि सुटलं. क्षणभर तिला वाटलं, घाम असेल. पण एसीच्या गारठ्यात घाम कुठला यायला? खाली पाहते तो शर्टावर दोन ओले गोल उमटलेले. तिनं खुर्चीच्या पाठीवरचा स्वेटर ओढून घाईघाईनं अंगात घातला आणि बटणं गळ्यापर्यंत लावली.

मागच्या सोफ्यावर खेळण्यांच्या कंपनीचा माणूस बसला होता. त्याच्या मांडीवर बाहुली होती. ही बाहुली रडणार होती आणि प्लास्टिकची बाटली तोंडात गेली की गप्प होणार होती. तेवढ्या रडण्यासाठी खेळणीवाला सकाळपासून ठाण मांडून बसला होता.

"अहो, हे फारच खरं होतंय," तो म्हणाला. "गोड रडायला सांगा ना. मुलांना मजा वाटली पाहिजे. आणि थांबणं! बाटली लागली की पोर कसं थांबेल? ह्यांचं थांबणं म्हणजे कुणीतरी वायर उपटल्यासारखं वाटतं."

रेकॉर्डिस्टनं टॉकबॅकचं बटण दाबून हे आत सांगितलं. निम्मंच सांगितलं, तेही गोड करून.

"रडायचं काम घेतलंय मी," मावशींचा आवाज स्पीकरमधून आला. "थांबायचं दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणावं."

त्यांचं थांबणं कधीच जमत नसे, हे धंद्यात सगळ्यांना ठाऊक होतं. रेकॉर्डिस्ट दर वेळी शेवटचा तुकडा कापून टाकी आणि तिथे दुसऱ्या कुठला तरी श्वास चिकटवून वेळ मारून नेई. खेळणीवाल्याला मात्र चिकटवलेलं नको होतं.

सोफ्याच्या टोकाला बसलेला स्टुडिओचा मालक उठला. गिऱ्हाईक तापायला लागलं की त्याला चहा पाजायचा, ही त्याची ठरलेली रीत.

"चला, खाली जरा पाय मोकळे करू. तोवर मावशी घसा शेकतील."

दोघं गेले. बाहुली सोफ्यावर पालथी पडून राहिली.

रेकॉर्डिस्टनं फोन पाहिला आणि सासूबाईंना लावला. पलीकडून आधी लेकीचं किरकिरणं ऐकू आलं, मग सासूबाई.

"अगं, काल काढून ठेवलेलं दूध संपलं की. चमच्यानं पाणी दाखवून किती गप्प करू? आणि पाणीही नको म्हणालेत डॉक्टरीणबाई."

"येते मी लवकर."

"लवकर म्हणजे संध्याकाळ. येताना पावडरीच्या दुधाचा डबा घेऊन ये. मी तुला बोल लावत नाही, खरंच नाही. पण पोरीला उपाशी ठेवून कसला हट्ट?"

"मागच्या वेळी डब्यानं पोट बिघडलं होतं तिचं, आई."

"मग काय करायचं, सांग ना."

तिनं फोन ठेवला. लेक दिवस भरायच्या आधी आलेली, हातात घेतली तर हाताला जाणवूही नये अशी. डबा सुरू केला त्या आठवड्यात जुलाब लागून पार कोमेजून गेली होती. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं, डबा म्हणजे काही विष नव्हे, वेळ पडली तर देऊच. पण ह्या पोरीला तुमचंच दूध मानवतंय, तर ते टिकवा. जेवढं काढाल तेवढं येत राहील. काढलं नाहीत तर अंगाला वाटेल, गरज संपली.

काढणार कुठे? रजेवरून आल्या दिवशी तिनं मालकाला विचारलं होतं. मालक काही वाईट माणूस नव्हता. त्याला नुसती लाज वाटली आणि सुटका हवी होती. "जा की, कोण अडवतंय? बाथरूम आहे ना," म्हणून तो मोकळा झाला. ते बाथरूम अख्ख्या मजल्याचं, आणि कडी मोडलेली. एका पायानं दार दाबून धरायचं, एका हातात पंप, दुसऱ्या हातात बाटली, आणि बाहेर कुणीतरी खाकरत उभं. दिवसेंदिवस बाटलीचा तळ नुसता ओला व्हायला लागला होता. आटलं, असं तिनं आज सकाळी मनाशी कबूल करून टाकलं होतं. डब्याची चिठ्ठी पर्समध्ये होतीच. संध्याकाळी दुकानात जायचं आणि विषय संपवायचा, असं ठरलं होतं. हट्ट सोडल्यावर हलकं वाटेल, असा तिचा अंदाज होता. सकाळपासून काही हलकं वाटलं नव्हतं.

बूथचं जाड दार ढकलून मावशी बाहेर आल्या. चष्मा डोळ्यांवर चढवताच त्यांची नजर गळ्यापर्यंत लावलेल्या बटणांवर गेली.

"स्वेटर काढ."

"थंडी वाजतेय, मावशी."

"मला शिकवतेस? काढ म्हणते ना."

तिनं वरची दोन बटणं सोडली. मावशींनी पाहिलं.

"हे कधी झालं?"

"तुम्ही रडलात तेव्हा."

मावशींना हसू फुटलं. "बघा! म्हणजे म्हातारीच्या गळ्यात अजून जीव आहे." मग हसू आवरून त्यांनी विचारलं, "परवा आटत चाललंय म्हणत होतीस ना गं?"

"बाथरूममध्ये काही येतच नाही."

"कसं येईल? तू तिथे बसून जेवतेस का?"

"शी!"

"मग पोरीचं जेवण तिथे कशाला करतेस?" मावशींनी पंप ठेवलेली तिची पर्स उचलून तिच्या हातात दिली आणि बूथकडे बोट केलं. "जा आत. पडदा ओढ."

"आत? मालक..."

"मालक चहा पितोय."

"आणि आले वर तर? ते गिऱ्हाईक पण आहे."

मावशी उत्तर द्यायच्या भानगडीत पडल्या नाहीत. त्या सरळ रेकॉर्डिस्टच्या खुर्चीत बसल्या, खुर्ची पुढे ओढली आणि कडेचं दिव्याचं लाल बटण दाबलं. बूथच्या दारावरचा दिवा लागला.

त्या दिव्याचा दरारा सगळ्यांना माहीत होता. तो लागला की टेक, म्हणजे रेकॉर्डिंग चालू, आणि दाराला हात लावायचा नाही. थोरल्या मालकानं, म्हणजे आताच्या मालकाच्या वडिलांनी, घालून दिलेला नियम. आग लागली तरी आधी दिवा विझू द्या, असं ते म्हणत, आणि ते थट्टेनं म्हणत नसत. आताच्या मालकानं सोफे बदलले, यंत्रं बदलली, भिंतींचा रंग बदलला. दिव्याला मात्र त्यानं हात लावला नव्हता.

रेकॉर्डिस्ट उठली. उठता उठता तिच्या हातानं सवयीनं माइकची दांडी वर सरकवली. आत माणूस जाणार म्हटलं की ती दांडी वर जाते, एवढंच त्या हाताला माहीत होतं. तिचं तिकडे लक्षही नव्हतं.

इतकी वर्षं ती काचेच्या ह्या बाजूला बसत आली होती. बूथमध्ये शिरायची ती माइक लावायला नाहीतर वायरी गुंडाळायला. आज पहिल्यांदाच तिनं आतून दार लावलं, पडदा ओढला आणि स्टुलावर बसली. चहूबाजूंनी मऊ भिंती. बाहेरचं एक अक्षर आत येत नव्हतं, आतलं बाहेर जात नव्हतं. कुणी खाकरत नव्हतं. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून बसता येतंय, ह्याचंच तिला नवल वाटलं.

तिनं हेडफोन चढवले आणि पंप लावला. कुई-फस, कुई-फस. हातानं दाबायचा स्वस्तातला पंप तो, आवाज करणारच. बाटलीत काही आलं नाही. तिनं दात आवळून आणखी जोरानं दाबला. तरी नाही.

मग तिच्या कानात बाळ रडलं.

टॉकबॅकमधून, अगदी कानाच्या पाळीशी. आधी कुरकुर, मग अडकलेला श्वास, मग तो आवाज. ह्या खेपेला खेळणीवाला नव्हता, बाहुली नव्हती, गोड रडायची अट नव्हती. तिनं डोळे मिटले. मुंग्या आल्या, आवळलं, सुटलं, आणि बाटलीच्या काचेवर पहिली धार वाजली. मग दुसरी. तिनं डोळे उघडून पाहिलं आणि तिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

रडणं वायर उपटल्यासारखं थांबलं. "येतंय का?"

"येतंय, मावशी."

उत्तर दिल्यावर तिच्या ध्यानात आलं, आपलं बोलणं मावशींना ऐकू गेलं. म्हणजे माइक चालू आहे. उठून सांगावंसं वाटलं. पण धार लागली होती, कोण उठतंय?

"मग काढत राहा. मी बोलते काहीतरी," मावशी म्हणाल्या. "तू मागे विचारलं होतंस ना, हे रडणं कुठून शिकलात म्हणून? मी थाप मारली होती. शेजारणीच्या पोराचं सांगितलं होतं."

"मग?"

"माझ्या मोठीचं आहे ते. एवढीशीच होती, तुझ्या पोरीएवढी. मी तेव्हा नायिकेच्या मैत्रिणीचं बोलायची. पोरीला बाहेर बाकावर एकीच्या मांडीवर ठेवून आत गेले, आणि दिवा लागला. थोड्या वेळानं हिनं भोकाड पसरलं. दार तेव्हा पातळ होतं, सगळं आत येत होतं. मला वाटलं, थांबवतील. कसलं काय! मी आपली माइकपुढे उभी, कपडे भिजून चिंब, आणि तोंडानं म्हणतेय, 'अगं, तू किती नशीबवान आहेस.'"

रेकॉर्डिस्टला हसू आलं.

"थोरले मालक म्हणाले, मागे रडणं काय झकास आलंय, राहू दे. सिनेमात तसंच आहे ते. दुसऱ्या दिवशी आणखी हवं होतं तर मला म्हणाले, बाई, तुम्ही काढून बघा तसा आवाज. काढला. तिथून मी बाळमावशी झाले. पोट भरलं त्या आवाजानं माझं."

"आणि ती? बाहेर?"

"दिवा विझला तेव्हा रडून रडून झोपली होती. उठवून घेतली तर प्यायचं त्राणच नव्हतं. असं रोज व्हायला लागलं, मग माझंही आटलं. ती थांबायची कशी, ते मी कधी ऐकलंच नाही बघ."

पंप चालत राहिला.

तेवढ्यात हेडफोनमध्ये दुसऱ्याच आवाजानं विचारलं, "मावशी? तुम्ही इथे कशा?"

मालक. मावशींचं बोट टॉकबॅकच्या बटणावरच राहिलं होतं. ते उचलायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्या नेहमी काचेपलीकडच्या. त्यामुळे बाहेरचा शब्दन् शब्द आत येत होता.

"हळू बोल," मावशी म्हणाल्या. "टेक चालू आहे."

"कसला टेक? रडणाऱ्या तुम्ही, तुम्ही तर बाहेर बसलात."

"हा कसला आवाज येतोय हो?" हा खेळणीवाला. "कुई-फस, कुई-फस?"

"एसी असेल," मालक म्हणाला. मग तो गप्प झाला. त्याचा कान धंद्यात मुरलेला होता. एसी कसा वाजतो ते त्याला कुणी सांगायला नको होतं. "आत कोण आहे? रेकॉर्डिस्ट कुठे गेली?"

पावलं वाजली. दाराच्या दिशेनं.

"दाराला हात लावू नकोस."

"मावशी, माझा स्टुडिओ आहे हा."

"तुझाच आहे रे. पण दिवा तुझ्या बापाचा आहे. तुझ्या लग्नाचा निरोप घेऊन तुझा सख्खा मामा आला होता, त्यालाही त्यानं ह्या दिव्याखाली ताटकळत ठेवला होता. आज तू उघड. उद्यापासून जो तो उघडेल, आणि मग बस टेक घेत."

"अहो, पण गिऱ्हाईक खोळंबलंय. बाथरूम दिलंय ना तिला मी!"

बूथमध्ये रेकॉर्डिस्टचा हात थांबला. पंप थांबला, तशी धारही. अशा वेळी काय करायचं ते तिला पाठ होतं: स्वेटर, बटणं गळ्यापर्यंत, बाटली पर्समध्ये, बाहेर येऊन 'सॉरी, जरा डोकं दुखत होतं.' तिनं स्वेटरकडे हातही नेला. मग तिची नजर बाटलीवर गेली. निम्मी भरली होती. बाथरूममध्ये पाय आखडेपर्यंत उभं राहूनही कधी एवढं निघालं नव्हतं. ह्यात लपवण्यासारखं काय होतं? राग आला तिला, आणि मालकापेक्षा जास्त स्वतःच्या त्या दोन बटणांचा आला.

ती माइककडे झुकली. एक वीत अंतर, तोंड जरासं तिरपं. इतरांना शिकवून शिकवून अंगवळणी पडलेलं.

"मी आत आहे," ती म्हणाली. "मुलीसाठी दूध काढतेय. झालं की येईन. दार उघडू नका."

बाहेरच्या मोठ्या स्पीकरमधून घुमलेला तिचाच आवाज फिरून तिच्या कानात आला. त्या स्पीकरवर तिनं आजवर दुसऱ्यांचेच आवाज वाजवले होते. स्वतःचा पहिल्यांदाच ऐकला. चांगला वाटला.

"आणि उद्यापासून रोज काढणार आहे," ती म्हणाली. "दुपारी आणि संध्याकाळी. इथेच. हाच दिवा लावून. बाथरूममध्ये मी आता जाणार नाही."

बाहेर सोफ्याचं चामडं करकरलं. कुणीतरी पेला खाली ठेवला.

"म्हणजे," खेळणीवाल्यानं दबकत विचारलं, "साधारण किती वेळ..."

मालकानं घसा खाकरला. तो बराच वेळ दाराशीच उभा असावा. परत जाणारी पावलं उशिरानं वाजली.

"बसा," तो म्हणाला. "टेक चालू आहे."

रेकॉर्डिस्टनं पंप पुन्हा लावला. कुई-फस, कुई-फस. काही येईना. जीव घाबरला की अंगही दार लावून घेतं. तिनं पुन्हा दाबला, पुन्हा काही नाही. जिंकून वर हे असं व्हावं, म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आखडलं ना?" मावशी म्हणाल्या. "थांब."

आणि दोन पुरुषांच्या देखत, कोपरात तोंड न खुपसता, मावशी रडायला लागल्या. आता त्या रडण्याच्या मागे एक बाकडं होतं आणि एक पातळ दार. रेकॉर्डिस्टला ते हेडफोनमध्ये स्वच्छ ऐकू येत होतं. तिचा हात आपोआप चालू लागला. आवळलं, सुटलं, धार काचेवर वाजली. ह्या वेळी थांबेना.

"आलं, मावशी," ती माइकमध्ये हळूच म्हणाली. "आलं दूध. आता नको रडू."

मावशींना ती नेहमी अहोजाहो करी. हे तोंडून कसं गेलं, तिचं तिलाही कळलं नाही.

कानातलं रडणं ह्या खेपेला तुटलं नाही. ते हळूहळू उतरत गेलं. एक उचकी आली. मग ओठ चोखल्याचा बारीक आवाज, मग एक हुंदका, अर्ध्यातच राहिलेला. शेवटी नाकातून एक लांब, समाधानाचा श्वास, आणि मग काही नाही.

"हेच," खेळणीवाला कुजबुजला. "अहो, हेच तर सकाळपासून मागतोय मी. रेकॉर्ड झालं ना?"

"नाही," मावशी म्हणाल्या. "आणि होणारही नाही. तुझ्या बाहुलीला दुसरं देते. हे माझ्या पोरीचं आहे."

त्यांचं बोट अखेर बटणावरून उठलं असावं, कारण हेडफोन एकदम शांत झाले. रेकॉर्डिस्टनं भरत आलेली बाटली मांडीवर नीट धरली आणि मोकळ्या हातानं सासूबाईंना लिहिलं, 'डबा आणत नाही. दूध आणतेय.'

मग तिनं डोळे पुसले आणि पंप दुसऱ्या बाजूला लावला.